चिखलाची रेघ

वादळाबरोबर चढलेलं पुराचं पाणी उतरलं, रस्ते दिसू लागले, पण म्हातारा थिओफील काही सापडला नाही. शेरीफची माणसं होड्या घेऊन दलदलीत फिरत होती. आठवडा होत आला होता.

त्याची मुलगी डेल्फीन चिखलाच्या बुटांनीच युलाली गिद्रीच्या घरात शिरली. युलालीने उमेदीची वर्षं विमा कंपनीसाठी बुडालेली घरं तपासण्यात घालवली होती. आता ती खासगी तपासाची कामं घेई. बायू कोर्ब या संथ ओढ्याच्या काठावर तिला सगळे ओळखत.

"मिस युलाली, पापा गेलेत हे मला कळतंय," डेल्फीन म्हणाली. "पण मला ते हवेत. आईशेजारची जागा मोकळी आहे. रिकामी शवपेटी नाही पुरायची मला."

"शेवटचं कुणी पाहिलं?"

"माझ्या नवऱ्यानं, रेमीनं. मी मुलांना घेऊन आधीच उत्तरेला गेले होते. तो पापांना घेऊन येणार होता. एकटाच आला. म्हणाला, म्हातारा घर सोडत नाही."

युलालीने टोपी घातली. तिचा दीर आल्सीड गाडी काढायला उठला. भाऊ गेल्यापासून तोच तिला सगळीकडे नेई, आणि वाटभर प्रश्न विचारून तिचा जीव खाई.

"वहिनी, घर गेलं ते गेलं. पण घराचा विमा असेलच की त्यांचा?"

"तो आगीला आणि वाऱ्याला. जमिनीवरून चढून आलेल्या पाण्याला तो छदाम देत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. आणि आज घेतला तर महिन्यानं लागू होतो."

"मग वादळ दिसल्यावर घेऊन काय उपयोग?"

"तहान लागल्यावर विहीर खणण्याइतका."

थिओफीलच्या रस्त्यावर दोन्ही कडांना घरांची आतडी पडली होती. गाद्या, गालिचे, भिंतींचे तक्ते, आडवे झालेले फ्रिज. सडक्या मांसाचा वास नाकातून हलत नव्हता.

शेजारीण ओझीत आपल्या फ्रिजला चिकटपट्टी लावत होती. आधी फडक्याने चिखल पुसायची, मग पट्टी दाबायची.

"पुसल्याशिवाय चिकटतच नाही मेली," ती करवादली. "ए आल्सीड, लांब हो. हे दार उघडलं तर जन्मात कोळंबी खाणार नाहीस."

"फोटो काढलेस का गं?" युलालीने विचारलं.

"तर! मागच्या नंबरासकट. गालिच्याचा तुकडासुद्धा कापून ठेवलाय. फोटोशिवाय काही फेकलं तर विमावाले हात वर करतात, हे तूच शिकवलंस ना?"

"थिओ शेवटचा कधी दिसला?"

ओझीतचा हात थांबला. "वादळाच्या आदल्या संध्याकाळी. डीप फ्रीझरमधलं होतं नव्हतं ते काढून त्यानं मोठ्या पातेल्यात गम्बोचा रस्सा शिजवला. वीज जाणारच, मग सडवायचं कशाला? बदकं, कोळंबी, सगळं घातलं. अख्ख्या रस्त्याला वाढला. सकाळी निघतो म्हणाला. मग जावई आला. थिओ त्याला म्हणत होता, विम्याचा कागद आण, बरोबर न्यायचाय. मी आपली घरी आले."

पलीकडच्या घरात विल्बर्ट राहत होता. त्याने भराव टाकून आपलं अंगण उंच केलं होतं. तेव्हापासून प्रत्येक पावसाचं पाणी थिओफीलच्या ओसरीपर्यंत येई. दोघांचं भांडण कोर्टात पोचलं होतं.

"मीच बुडवला त्याला, असं म्हणायला आलात ना?" विल्बर्ट गुरकावला.

"बुडवलास का?"

"मनातल्या मनात शंभरदा. पण बाई, त्या संध्याकाळी तो गम्बोचं भांडं घेऊन माझ्या दारात आला. म्हणाला, तुझा भराव वाहून जावो, पण तू उपाशी मरू नकोस. त्यानंतर शेरीफच्या माणसानंच मला आणि बायकोला शाळेतल्या छावणीत नेलं. विचारा त्याला." त्याने नाक पुसलं. "ते भांडं अजून माझ्याकडेच आहे."

थिओफीलच्या दारातला ढीग सगळ्यांत उंच होता. रेमी घामाघूम होऊन तक्ते ओढत होता. ढिगाच्या कडेला, क्रेनच्या हाताशी येईल असा, पांढरा डीप फ्रीझर ठेवला होता. झाकणावरून बुडापर्यंत रुपेरी पट्ट्या होत्या. बुडापासून वीतभर वर चिखलाची रेघ चारी बाजूंनी, पट्ट्यांवरूनही, सलग गेली होती.

"वहिनी, भिंतीवर रेघ छातीपर्यंत आणि याच्यावर वीतभरच?"

"बंद पेटी तरंगते, भाऊजी."

"हा बाहेर काढताना जीव गेला," मागोमाग आलेली डेल्फीन म्हणाली. "मीपण ढकलला. दगडासारखा जड."

"आत काय आहे, रेमी?" युलालीने विचारलं.

"बदकं, कोळंबी. पाणी उतरल्यावर झाकण उघडलं, भडभडून ओकलो, आणि लगेच पट्ट्या मारल्या."

"फोटो काढलास?"

"सडक्या कोळंबीचे?" तो हसला.

"फ्रीझरचा. नंबराचा. गाद्यांचा, तक्त्यांचा."

"वेळ कुणाला होता? घर साफ करायचं होतं."

"पण पुराचा विमा आहे ना?"

"आहे की," डेल्फीनच बोलली. "दर वर्षी रेमी भरतो."

रस्त्याच्या टोकाला कचऱ्याची क्रेन घरघरत होती. युलालीने आल्सीडला शेरीफच्या माणसाला आणायला पाठवलं, आणि तो येईपर्यंत ती फ्रीझरला टेकून उभी राहिली. रेमीने तिला दोनदा बाजूला व्हायला सांगितलं. ती हलली नाही.

शेरीफचा माणूस आला तेव्हा ओझीत आणि विल्बर्टही जवळ आले होते.

"विल्बर्टचं भांडण जुनं होतं," युलाली म्हणाली, "पण तो छावणीत होता, आणि त्याला तिथं नेणारा माणूस हा इथं उभा आहे. आता रेमीचं बघू. याच्यापाशी विमा असता तर यानं फोटोशिवाय साधी उशीसुद्धा फेकली नसती. यानं सगळं फेकलं, कारण कुणी तपासायला येणारच नाही. विमा नाहीच. थिओनं त्या संध्याकाळी कागद मागितला, आणि याच्याकडे कागद नव्हता."

"मी उघडला तेव्हा आत सडलेली..." रेमी बोलू लागला.

"काय सडलेलं? फ्रीझर थिओनं आदल्या संध्याकाळीच रिकामा केला होता. अख्ख्या रस्त्यानं तो गम्बो खाल्ला. रिकाम्या फ्रीझरला पट्टी कुणी लावत नाही, आणि तो दगडासारखा जडही होत नाही. ज्यानं सकाळी निघायचं म्हणून घरातलं सगळं शिजवून वाटलं, तो घर सोडत नव्हता म्हणे!"

क्रेन एक घर पुढे सरकली.

"ओझीतनं पट्टी चिखल पुसून लावली. ओल्या चिखलावर ती चिकटत नाही. इथं चिखल पट्टीच्या वर आहे. म्हणजे आधी पट्टी लागली, मग पाणी आलं. पुरानंतर बंद फ्रिज कुणी उघडत नाही, हे याला ठाऊक होतं. थिओला पाण्यात सोडला असता तर तो सापडला असता, आणि अंगावरचा घावही."

रेमी खाली बसला. "पुराच्या नकाशात ही जागा धोक्याबाहेर आहे," तो पुटपुटला. "कधी पाणी आलं नव्हतं इथं. म्हणून सोडून दिला मी विमा. पापा म्हणाले, डेल्फीनला सांगतो, तुला घराबाहेर काढतो. माझ्या हातात पाना होता..."

"नकाशा पाण्याला वाचता येत नाही," युलाली म्हणाली.

डेल्फीन ओरडली नाही. तिने आपले दोन्ही तळहात वर धरून पाहिले. याच हातांनी तिने तो फ्रीझर ढकलला होता. ओझीतने तिला खांद्याला धरून ओसरीमागे नेलं.

शेरीफच्या माणसाने पट्ट्या कापल्या. झाकण उचलायला आल्सीडने हात लावला. ते लगेच पुन्हा बंद झालं. आल्सीड कुंपणाशी जाऊन वाकला.

रेमीला गाडीत बसवत होते तेव्हा डेल्फीन परत आली. ती सरळ त्याच्यासमोर गेली.

"मारल्याबरोबर गेले ना पापा? आत ठेवलंस तेव्हा गेलेले होते ना?"

रेमीने मान वर केली नाही.

ती वळली. "मिस युलाली?"

"लगेच गेले, पोरी."

मग डेल्फीनने आल्सीडकडे पाहिलं. झाकणाची आतली बाजू त्याने पाहिली होती. रबर नखांनी ओरबाडून निघालं होतं, आणि पांढऱ्या पत्र्यावर बोटांचे तपकिरी ओरखडे होते, कोपऱ्यापर्यंत.

आल्सीडने तोंड पुसलं.

"हो," तो म्हणाला. "लगेच."