कोऱ्या पाण्याचं माप

सकाळची वंदना झाल्याशिवाय धम्मदीपा लॅपटॉप उघडत नसे. वंदनेचा नेम आठवीपासूनचा होता. आधी तीन उदबत्त्या, मग पंचशील, मग चहा, आणि मग समुद्र.

समुद्राचं काम ती वाशीम जिल्ह्यातल्या रिठदच्या घरात, पुढच्या खोलीत बसून करायची. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक हिरव्या वनस्पती तरंगत असतात. उपग्रह वरून पाण्याचा रंग पाहतो आणि त्या किती असतील याचा अंदाज बांधतो. जहाजावरची माणसं तेच पाणी बाटलीत भरतात, कागदातून गाळतात आणि यंत्रावर मोजतात. अंदाज आणि मोजमाप शेजारी-शेजारी ठेवून, कोण किती चुकलं ते सांगायचं, एवढंच धम्मदीपाचं काम. किनाऱ्यावरच्या एका संस्थेत तिने ते आठ वर्षं केलं होतं. दोन वर्षांपूर्वी आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ती काम घेऊन गावी आली.

"रिठदात बसून समुंदराची परीक्षा घेते माही पोरगी," भागिरथाबाई खाटेवरून आल्या-गेल्याला सांगायच्या, "अन् पास कोनालेच करत नाई!"

खरंच होतं ते. उपग्रह आणि बाटली कधी तंतोतंत जुळत नाहीत. वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक राहायचाच. फरक राहिला की धम्मदीपाला बरं वाटायचं. दोघं आपापल्या डोळ्यांनी पाहताहेत, एकमेकांचं ऐकून बोलत नाहीत, असा त्याचा अर्थ होता.

एप्रिलमधल्या एका जहाजाच्या सफरीत समुद्राची मापं चोख येत होती. खटकलं ते दुसरंच.

जहाजावर रोज पहिलं माप कोऱ्या पाण्याचं घेतात. सीलबंद डब्यातलं, ज्यात काही म्हणजे काही नाही, असं शुद्ध पाणी गाळायचं आणि मोजायचं. उत्तर शून्याला टेकलं पाहिजे. टेकलं, तर यंत्र खरं, भांडी स्वच्छ आणि माणूस जागा. या जहाजावर पाच दिवस शून्य आलंच नव्हतं. ०.४१२, ०.४५५, ०.४९८. रोज चढत होतं.

मोजणारा होता उत्कर्ष. अठ्ठावीस वर्षांचा, तिच्याच जिल्ह्यातल्या इंझोरीचा. धम्मदीपानेच त्याला हे काम शिकवलं होतं आणि तिच्याच शिफारशीवर तीन वर्षांनी त्याला जहाज मिळालं होतं.

रविवारी संस्थेच्या रीता मॅडमचा फोन आला. "निष्काळजीपणा आहे की आकडे बनवलेत, ते मला शुक्रवारपर्यंत लेखी हवं. बनवले असतील तर तो पुन्हा कुठल्याच जहाजावर चढणार नाही. आणि धम्मदीपा, तो तुमच्याकडचाच ना?"

'तुमच्याकडचाच' हा शब्द तिला दिवसभर सलत राहिला.

सोमवारी जहाजावर इंटरनेटचा फोन लागला. उत्कर्षचा आवाज तुटक येत होता.

"ताई, डबा तीनदा बदलला. नवं सील माह्या हातानं फोडलं."

"भांडी?"

"तुमी शिकवली तशी धुतली. आमची बुढी धुत नाई इतकी."

"मग शून्य काहून येत नाई?"

"मले काय मालूम? यंत्र दाखवते थे लिहितो. शून्य लिहिलं असतं तं तुमी फोनच केला नसता."

फोन ठेवल्यावर हेच वाक्य तिच्या डोक्यात घोळत राहिलं. लबाडाने शून्य लिहिलं असतं. की लबाड इतका हुशार होता, की तिने असा विचार करावा हेही त्याने धरलं होतं? तिने शिकवलेला होता तो. कमी हुशार नव्हता.

मंगळवारी तिने एक साधी युक्ती केली. आकडे कुठून तरी उचलले असतील, तर ते कुठे तरी सापडले पाहिजेत. तिने त्या पाच दिवसांच्या उपग्रहाच्या फायली उघडल्या आणि संगणकाला सांगितलं, अख्ख्या फायलीत ०.४१२ शोध.

दोन-तीनशे चौकोन निघाले. दुसऱ्या दिवशीच्या फायलीत ०.४५५ चेही तितकेच. पाचही दिवस पाचही आकडे जिथे जुळतात असा चौकोन मात्र एकच होता. तीनशे मीटर लांब, तीनशे मीटर रुंद.

तो समुद्रात नव्हता. अक्षांश वीसच्या किंचित खाली, रेखांश सत्त्याहत्तरच्या अलीकडे. जमिनीवर उपग्रहाचा अंदाज चालत नाही, म्हणून नकाशात जमिनीवर करडं झाकण टाकलेलं असतं. झाकणाखालचे आकडे कोणी पाहत नाही. तिने झाकण बाजूला केलं आणि नकाशा मोठा करत गेली. वाशीम. रिसोड. रिठद. गावाच्या पश्चिमेला, नाल्यापलीकडे रुखमाबाईचं वावर.

आधी तिला राग आला. उत्कर्षला तिचं गाव माहीत होतं. थट्टा करतोय?

मग तिने वेळा पाहिल्या. कोऱ्या पाण्याचं माप सकाळी सातचं. ते सव्वासातला मेलने येत होतं. उपग्रह माथ्यावरून जायचा साडेदहाला आणि फाईल मिळायची दुसऱ्या दिवशी. उत्कर्ष आकडा लिहायचा तेव्हा तो आकडा अजून कोणी पाहिलेलाच नव्हता.

तिने पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

तरीही तिची शंका मिटली नाही. तिने उत्कर्षला कळवलं, "उद्या बरोबर साडेदहाला कॅप्टनसमोर कोरं पाणी मोज. आकडा कागदावर लिही, कॅप्टनची सही घे. मी मागेपर्यंत पाठवू नको." कशासाठी, ते सांगितलं नाही.

बुधवारी सव्वादहाला ती स्कूटी घेऊन नाल्यापलीकडे गेली. हरभरा निघून गेलेलं काळं वावर, भेगा पडलेलं. वावराच्या कडेच्या धुऱ्यावर, निंबाखाली रुखमाबाई गवऱ्या रचत होती.

"अवं दीपा, उन्हाची कुठं निंगाली?"

"तुमचं वावर पाहाले आली, काकू. इथं कधी पानी साचलं होतं काय?"

"पानी?" रुखमाबाई हसली. "पानी असतं तं म्या गवऱ्या थापल्या असत्या काय? जाय, पाय. ढेकळं हायेत नुसते."

ढेकळंच होती. धम्मदीपा मोजून पावलं टाकत मधोमध गेली. घड्याळात दहा अठ्ठावीस झाले होते.

कानात दडे बसले.

रुखमाबाई काही तरी म्हणत होती. तिचे ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र फार वरून येत होता.

धम्मदीपाने ढेकूळ उचललं. कोरडं होतं, हातात चुरलं. माती खाली पडली, पण सावकाश, डोलत डोलत.

ती वळली आणि धुऱ्याकडे चालू लागली. पळाली नाही. पळता येईल असं वाटलं नाही.

धुऱ्यावर पाय पडताच कान मोकळे झाले.

"बहिरी झाली काय व? कवाची हाका मारून राह्यली मी." रुखमाबाईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अन् हे काय लागलं?"

सलवारीवर, छातीवर, थेट हनुवटीपर्यंत एक बारीक पांढरी रेघ वाळून आली होती. धम्मदीपाने बोट लावून चाखलं. मीठ.

"घाम हाय," ती म्हणाली.

गुरुवारी फाईल आली. बुधवार, साडेदहा, तो चौकोन: ०.७३६. तिने उत्कर्षला लिहिलं, आता पाठव. कागदाचा फोटो आला. कॅप्टनची सही, शिक्का आणि ०.७३६.

शुक्रवारी सकाळी पंचशील म्हणताना खोटं न बोलण्याच्या चौथ्या शीलाशी तिची जीभ अडखळली. मग तिने जे होतं तेच लिहिलं. निष्काळजीपणा नाही. आकडे बनवलेले नाहीत. सोबत चौकोनाचे आकडे, वेळा, सहीचा कागद. निष्कर्ष: निरीक्षकाचं मोजमाप विश्वासार्ह, उपग्रहाशी मेळ पूर्ण. खाली नाव लिहिलं. वावरात आपल्याला काय झालं ते मात्र लिहिलं नाही. ते मोजलेलं नव्हतं.

दुपारी मॅडमचा फोन आला. आवाज मोकळा होता. "छान झालं. उत्कर्षला पुढच्या सफरीलाही ठेवतेय. आणि हो, दोन्हीकडून सलग दुजोरा मिळालाय तुमच्या सहीने. नियमाप्रमाणे त्या चौकोनावरचं झाकण काढलं. नकाशात तो आता पाण्यात धरलाय."

"मॅडम, पण तिथं जमीन आहे."

"असेल एखादं तळं. तुम्हीच तर लिहिलंय, मेळ पूर्ण."

उत्कर्षचा मेसेज आला होता: 'ताई, आज कोरं पाणी शून्य. एकदम शून्य. जीव वाचवला माहा.' तिने तो दोनदा वाचला. मग कुठे गेलं ते, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

शनिवारी सकाळी रुखमाबाईचा फोन आला.

"दीपा, तू शिकेल हायस म्हनून इचारते. आज मोहनसिंगच्या टॅक्टरनं नांगरट काढली. नांगराच्या पहिल्या तासामागं बगळे येतेत ना, तसे आले. पन टेकून नाई राह्यले व. वरच्यावर गरगर फिरून राह्यले."

"एकही टेकला नाही?"

"एक टेकला."

"मग?"

"मंग दिसलाच नाई."

पलीकडे इंजिनाची घरघर येत होती.

"काकू, टॅक्टर थांबवा. आत्ताच्या आत्ता."

"मोहनसिंग कुठं ऐकते? थो पार मधात गेला," रुखमाबाई म्हणाली. "थांब, हाक मारून पायते."

तिने हाक मारली. धम्मदीपाने फोन कानाशी घट्ट धरला. घरघर थांबली नव्हती. ती हळूहळू खाली जात होती.