चौथा व्हॉल्व्ह

तेजश्री आमच्या क्वेकर्स हिलच्या घरात पेइंग गेस्ट म्हणून राहायची. जळगावची बी.कॉम., सिडनीला आली होती केस कापायला शिकायला. त्या वर्षांत असल्यांची रीघ लागली होती. कुणी स्वयंपाकाचा कोर्स धरायचं, कुणी केसांचा, आणि डोळा सगळ्यांचा पीआरवर, कायम राहायच्या परवान्यावर. मी पुण्याचा इंजिनिअर, स्किल्ड व्हिसावर रीतसर आलेला. ती मला ‘काका’ म्हणायची, तेही मला खपत नसे.

गॅरेजमध्ये मी जुने रेडिओ, ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचो. डार्विनच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या उल्हासने, माझ्या मित्राने, तिकडच्या एका बंद पडलेल्या ड्राइव्ह-इन सिनेमाचा ॲम्प्लिफायर पाठवला. दमट हवेने त्यातल्या व्हॉल्व्हवरचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवरचे, नंबर पुसले गेले होते. त्याला उपाय असतो. काचेवर तोंडाची वाफ सोडायची आणि तिरप्या उजेडात धरायचं, की गेलेली अक्षरं दिसतात. मग मॅन्युअलमधून त्याचा जोड शोधायचा. अमेरिकन 6BQ5 म्हणजेच युरोपियन EL84; एक काढून दुसरा बसवला तरी चालतो.

तीन व्हॉल्व्ह ओळखले. चौथ्यावर वाफ धरेना. पुन्हा पुन्हा फुंकलं, काच कोरडीच. मीटर लावला तर आतली तापायची तार तुटलेली. त्या बांध्याचा व्हॉल्व्ह एकाही मॅन्युअलमध्ये नव्हता. कुणा अडाण्याने भंगार खोचलंय म्हणून तो तसाच परत बसवला आणि स्विच दाबला. सगळ्यांच्या आधी तोच लाल झाला.

मीटर बिघडला असणार, असं मी धरून चाललो.

त्याच सुमारास तेजश्रीचं कॉलेज एकाएकी बंद पडलं. जेवताना मी म्हणालो, कात्री धरायला समुद्र ओलांडायची काय गरज होती? ती ताटावरून उठली. सुनेत्रा, माझी बायको, त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

मग एका संध्याकाळी ऑफिसातून आलो, तर तेजश्री दारातच थांबलेली.

“काका, थँक्स. दुपारी गॅरेजमधून बोललात ना, खूप धीर आला.”

दुपारी मी ऑफिसात होतो, हे तिला सांगितलं. ती समजूतदारपणे हसली, जणू मीच लाजतोय. असल्या मुलींना काहीही ऐकू येतं, म्हणून मी सोडून दिलं. तरी जाऊन प्लग काढून ठेवला. चौथा व्हॉल्व्ह कोमट लागला.

पुढच्या आठवड्यात सुनेत्राने विचारलं, तिच्या आईच्या आजारपणातल्या इतक्या बारीकसारीक गोष्टी माझ्या लक्षात कशा राहिल्या? मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तेव्हा मी विचारलंही नव्हतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती माझ्याकडे न बघता गॅरेजच्या दिशेने बघत होती.

शनिवारी सोल्डर आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा लख्ख ऊन होतं. गॅरेजचं दार अर्धवट उघडं. आत दोघी खोक्यांवर चहा घेऊन बसल्या होत्या. तिसरा कप ॲम्प्लिफायरपाशी ठेवलेला, वाफाळता. प्लग जमिनीवर पडला होता.

स्पीकरमधून माझा आवाज येत होता.

तो तेजश्रीला नव्या कॉलेजची माहिती देत होता. घाई न करता, मध्येच तिच्या वडिलांची चौकशी करत. मग त्याने काहीतरी हळू आवाजात म्हटलं आणि सुनेत्रा हसली. तसं हसणं मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

“सुनेत्रा,” मी हाक मारली.

स्पीकर थांबला.

“सुनेत्रा, जरा बघतेस?” माझा आवाज आतून म्हणाला. “बाहेर कोणीतरी उभं आहे.”

ती कप ठेवून उठली. दाराशी आली, उन्हामुळे डोळ्यांवर हात धरला, आणि सौजन्याने, इंग्रजीत, मला विचारलं, कोण हवंय आपल्याला?