पोषपाटीची यादी

मेळघाटातल्या राहूढाण्याच्या अंगणवाडीत मुलं रोज खिचडीच्या आधी पोषपाटीवर तळहात टेकवत. पाटी ताटाएवढी, उन्हावर चालणारी. कातडीतून जाणाऱ्या मंद उजेडावरून ती रक्तातलं लोह मोजायची आणि पुढच्या पंधरवड्यात कोणतं मूल खंगेल ते आधीच सांगायची. सांगायची गावाच्या कोरकू बोलीत, म्हणून आयांचा तिच्यावर जीव होता. आज आमच्या पोरीला शाबासकी मिळाली, असं त्या विहिरीवर एकमेकींना सांगत.

श्रावणात एका सकाळी तीन वर्षांच्या बिंदायने हात टेकवला. पाटी हळू आवाजात म्हणाली की हिला तालुक्याच्या उपचार केंद्रात न्यायला हवं. गाडी बोलावायची कळ सेविका जसमी जांभेकरच्या हाताशी होती, पण तिने आधी बिंदायच्या आईकडे, सोनकलीकडे पाहिलं. सोनकलीचा थोरला मुलगा चार वर्षांपूर्वी केंद्रातच दगावला होता. त्याला न्यायला उशीर झाला होता, हे कितीही सांगितलं तरी तिला पटत नसे. ती मुलीला कडेवर घेऊन घरी गेली.

दुपारी जसमी पाटी घेऊन तिच्या घरी पोचली. तिथे गुंताय बसली होती. निम्म्या गावाचं बाळंतपण या दाईने केलेलं, जसमीचा जन्मही तिच्याच हातचा. पोरीला काय कमी पडतंय, असं तिने पाटीला विचारलं. पाटीने लोह आणि प्रथिनं सांगितली, शहरातून येणारी पाकिटं सुचवली. गुंतायने तरोट्याचा पाला, नदीतले खेकडे, कुटकी या बारीक भरडधान्याचा भात यांची नावं घेतली. ते आपल्या यादीत नाही, असं पाटी म्हणाली.

"यादी केली कुणी?" गुंतायने विचारलं.

"मला घडवणाऱ्यांनी. तुम्ही शिकवलंत तर मी शिकेन."

जसमीने केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी एका आठवड्याची मुदत दिली: रोज दोनदा हात टेकवायचा आणि ताप आला तर लगेच निघायचं. सोनकलीने मान डोलावली.

गुंताय रोज काही ना काही खुडून आणू लागली. पाला वर ठेवला की पाटी त्यातलं सत्त्व मोजायची, नाव विचारायची आणि दोनदा म्हणून पाहायची. उच्चार चुकला की गुंताय तिला नातीसारखी दटावायची. बिंदाय हे बघून खुदकन हसायची.

पाचव्या दिवशी मात्र बिंदायला ताप भरला. जसमी काही बोलायच्या आत सोनकलीच म्हणाली, "गाडी बोलाव. पण माय सोबत येईल."

गुंताय सोबत गेली. डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली आणि तिला कुटकीची पेज रांधायला चूलही दिली. अकरा दिवसांनी बिंदाय आईचं बोट धरून गावात चालत आली. सोनकली कितीतरी दिवसांनी ओट्यावर बसून पोटभर जेवली.

पुढे जिल्ह्यातून विचारणा आली की गुंतायची यादी इतर गावांच्या पाट्यांना द्याल का. ग्रामसभेच्या होकाराशिवाय गावाचं ज्ञान बाहेर जाणार नाही, अशीच पाटीची बांधणी होती. यादीवर गावाचं नाव राहील, या अटीवर सभेने होकार दिला. तेव्हापासून यादीत पडणारं प्रत्येक नाव इतर पाट्यांपर्यंत पोचू लागलं.

दिवाळीनंतर बिंदायचा हात मोजून पाटी म्हणाली, "यादीतल्या अन्नाने पोर इतक्या लवकर अंगाने भरत नाही. हिने आणखी काय खाल्लं?"

गुंतायने जसमीला अंगणात नेऊन हळूच सांगितलं. तो एक कंद होता, एकाच सावलीच्या उतारावर येणारा. वाढायला चार वर्षं लागत. खणला की त्याचा कोंब फुटणारा डोळा परत मातीत पुरायचा, अशी तिच्या आईची शिकवण होती.

"नाव कळलं तर एका हंगामात उतार खणून काढतील," ती म्हणाली.

"डोंगरापलीकडेही बिंदाय आहेत, माय."

"मलाही त्या दिसतात गं. म्हणून तर तुला विचारते."

आतून पाटीने तोच प्रश्न पुन्हा, तितक्याच मायेने विचारला. जसमी उंबऱ्यात थांबली. आधी कुणाच्या लेकराकडे पाहायचं, पलीकडे आज उपाशी असलेल्या, की या गावात अजून जन्मायच्या असलेल्या?