चिक्कू खडकाचा ओला तुकडा

जमिनीच्या पोटात खोलवर वालुकाश्माचा एक थर होता आणि त्यात गॅस होता, यात वाद नव्हता. तो बाहेर वाहील का, यावर मात्र कंपनीत हमरीतुमरी चालली होती. वाहील म्हणणाऱ्या भूवैज्ञानिक बाई एकट्याच. तोच थर वाळवंटाच्या टोकाला एका कड्यात उघडा पडला होता. त्याचा तुकडा कापून आणायला त्या निघाल्या. सोबत ड्रिल चालवणारा त्यांचा धाकटा दीर. तो त्यांना वहिनी म्हणे, आपणही तेच म्हणू.

हा खडक महाचिक्कू! त्याच्या बारीक छिद्रांत चिकणमातीचे केसासारखे तंतू वाट अडवून उभे असतात. तुकडा वाळला की ते कायमचे आडवे होतात आणि गॅस सुसाट जातो. मग मोजणीचा आकडा सपशेल खोटा येतो. म्हणून वहिनींनी थोडं मीठ घातलेल्या पाण्याचा घट्ट झाकणाचा डबा आणला होता. कापलेला तुकडा थेट त्यात.

घळीत जीप शिरेना. ती तोंडाशीच सोडून दोघं धोंड्यांवरून चढत कड्यापाशी पोचली. वरचं कातडं उन्हावाऱ्याने सैल झालेलं, त्यामुळे हातभर आत शिरावं लागलं. ड्रिल घरघरलं. पातं तापलं, पाणी ओतलं, पुन्हा घरघर. अखेर राखाडी, गुळगुळीत तुकडा हातात आला आणि डब्यात गेला!

तेवढ्यात वर कडकड झाली.

"वहिनी, मागे!"

दोघांनी उड्या टाकल्या. दगड कोसळले! धूळ बसली तेव्हा ड्रिल गाडलं गेलं होतं, पाण्याचे कॅन चेपले होते. उरली एक बाटली आणि तो डबा.

परतीच्या वाटेवर बाटली अर्ध्यातच संपली. ऊन मी म्हणत होतं. दिराला घाम यायचा थांबला, तो असंबद्ध बडबडू लागला आणि मटकन खाली बसला.

"तुम्ही व्हा पुढे, वहिनी. मी जरा टेकतो."

"टेकतो म्हणे! ऊठ आधी!"

तो उठला नाही. वहिनींनी डब्याच्या झाकणाला हात घातला आणि क्षणभर थबकल्या. त्या थबकण्याची त्यांना लगेच लाज वाटली. त्यांनी झाकण काढलं.

"खारट आहे..."

"नखरे पुरे. पी!"

"अहो, पण तुकडा?"

"गप पी."

उरलेलं पाणी त्यांनी त्याच्या डोक्यावर ओतलं. जरा वेळाने तो उभा राहिला. धडपडत, एकमेकांना धरत, दोघं जीपपर्यंत पोचली.

ऑफिसात साहेबांनी तुकडा हातात फिरवून पाहिला. "अख्खा आलाय की! लावा मशीनला."

"नाही लावणार. वाळलाय तो."

"म्हणून काय झालं? आकडा येईल ना?"

"झकास येईल."

"अहो, मग तुमचंच म्हणणं खरं ठरेल!"

"म्हणूनच नको. या आकड्यावर तुम्ही विहीर खोदाल, आणि खालचा खडक बसेल हाताची घडी घालून."

पंख्याने टेबलावरचे कागद फडफडत होते. वहिनींनी तुकडा त्या कागदांवर ठेवला.

"एवढ्या कामाचा आहे," त्या म्हणाल्या. "दुसरा आणते."