मधल्या गल्लीतला ठिपका

दुकानातल्या विक्रेत्याने कुत्र्याचं वय विचारलं आणि बायको म्हणाली, "एकोणऐंशी."

गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे विक्रेत्याला कुणीतरी नीट शिकवलं असावं. त्याने नुसती मान डोलावली.

"सहा," मी म्हणालो. "सहा वर्षांचा आहे."

"बरं. पळून जातो का, मॅडम?"

"पळत नाही. सावकाश जातो. पण परतायचा रस्ता मधूनच विसरतो. आणि विचारलं की चिडतो."

"समजूतदार वाटतो," विक्रेता म्हणाला आणि काचेच्या कपाटातून तीन खोकी काढून त्याने समोर मांडली.

खुलासा करायला हवा. यंत्र कुत्र्याच्या गळ्यात बांधायचं होतं, पण हरवण्याची भीती होती ती माझ्या वडिलांची. बाबांनी उभं आयुष्य रेल्वेची वेळापत्रकं आखण्यात घालवलं. गाड्यांनी ती कधी पाळली नाहीत, तरी बाबांचा वेळेवरचा विश्वास ढळला नाही. आता त्यांच्याच डोक्यातल्या गाड्या उशिरा धावायला लागल्या होत्या आणि काही तर कायमच्या रद्द झाल्या होत्या. संध्याकाळी मात्र ते ठरल्या वेळी कुत्र्याला घेऊन बागेपर्यंत जायचे. अलीकडे परतायला उशीर होत होता. 'एक दिवस ते बाहेर जातील आणि परत येणार नाहीत, हे धरून चाला,' असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, अगदी 'साखर कमी करा' म्हणावं तसं.

फोन ते घरी विसरत. मनगटावर बांधायचं यंत्र आणलं, ते साखरेच्या डब्यात सापडलं. "मी काय पार्सल आहे?" त्यांनी विचारलं.

कुत्र्याला मात्र ते कुठेच विसरत नसत. कुत्रा आईचा. हाती लागेल ती वस्तू तो कुंड्यांतल्या मातीत पुरून ठेवायचा, म्हणून आईने त्याचं नाव खजिनदार ठेवलं होतं. आई जाऊन तीन वर्षं झाली. कुंड्यांत अजून कधीकधी तिचं एखादं दोऱ्याचं रीळ सापडतं.

मी मोजणी खात्यात आहे. माणसांनी आपापल्या भिंती शेजाऱ्याच्या जागेत किती सरकवल्या आहेत, ते नकाशावर दाखवायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, असं कामाचं स्वरूप आहे. त्यामुळे कुठलंही मोजणारं यंत्र मी सहजासहजी विकत घेत नाही. एक यंत्र येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनच्या भरवशावर चालायचं, म्हणजे कुत्रा गर्दीतच हरवला तर सापडणार. दुसरं थेट उपग्रहाशी बोलायचं, पण कुत्र्याच्या मानेला ते विटेसारखं दिसायचं. तिसऱ्यात उपग्रह होता, शिवाय फोनवरून बटण दाबलं की पट्टा वाजायचा आणि नकाशावर कुत्र्यासोबत मालकाचाही ठिपका दिसायचा. मी माहितीपत्रकं घरी आणून वाचत बसलो.

"लग्नाच्या वेळी इतका विचार केला नव्हतास," बायको म्हणाली.

"तेव्हा परत करायची मुदत नव्हती."

शेवटी वीट घेतली. उपग्रहाशी आमच्या खात्याचे जुने संबंध आहेत.

पहिल्याच संध्याकाळी ठिपका घरातून निघाला, कोपऱ्यावरून वळला, बागेत गेला, तिथे रेंगाळला. परतताना मात्र तो वळणापर्यंत आलाच नाही. मागच्या रस्त्यावरून थेट घरांच्या रांगेत शिरला आणि सरळ रेषेत आमच्या रस्त्यावर बाहेर पडला. मधे थोडा वेळ थांबलाही.

त्या रांगेतून जायला वाट नाही. दातांच्या डॉक्टरचा दवाखाना आणि फोटोंना चौकटी करणाऱ्याचं दुकान यांच्यामध्ये एकच सामाईक भिंत आहे. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या वस्तीचा नकाशा माझ्या सहीचा आहे.

"कुठून आलात, बाबा?" मी विचारलं.

"मधल्या गल्लीतून," बाबा बूट काढत म्हणाले. हे ते बरेच दिवस म्हणत होते. आम्ही ते रद्द झालेल्या गाड्यांत धरत होतो.

उंच भिंतींवरून सिग्नल उसळी घेतो आणि ठिपका भलतीकडे दिसतो, हे मला नोकरीमुळे माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः खजिनदारला त्याच वेळी त्याच बागेत नेऊन आणलं. ठिपका आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आला, वळला, शहाण्यासारखा घरी पोचला. त्याच्या पुढच्या दिवशी पट्टा पुन्हा बाबांच्या हातात दिला. ठिपका पुन्हा भिंतीत शिरला.

मी वीट परत केली.

"कुत्र्याला आवडलं नाही का, सर?" विक्रेत्याने विचारलं.

"चुकीची जागा दाखवतं."

"मग हे न्या," तो म्हणाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या फोनवर चालणारं खोकं पुढे केलं. "हे उपग्रहाच्या वाटेला जातच नाही. आसपास कुणी माणूस असला तरच दाखवतं."

त्या यंत्रानेही तीच सरळ रेषा काढली. भिंतीच्या मध्यावर तर ठिपका अधिकच ठळक झाला. माहितीपत्रकाप्रमाणे त्याचा अर्थ 'जवळ माणूस आहे' असा होतो.

मी दाताचं निमित्त काढून दवाखान्यात गेलो. डॉक्टरने माझ्या तोंडात आरसा घातला आणि मग, दातांचे डॉक्टर करतात तशी, गप्पांना सुरुवात केली. आरसा निघाल्यावर मी भिंतीचं विचारलं.

"त्या भिंतीत पोकळी? अहो, मी इकडून खिळा ठोकला तर चौकटवाला पलीकडून ओरडतो." मग हात धुता धुता तो म्हणाला, "संध्याकाळी मात्र आवाज येतो हं. कुत्रं फरशीवरून चालल्यावर नखांचा येतो ना, तसा. मी चौकटवाल्याला म्हटलं, कुत्रं पाळलंस का? तर तो मलाच म्हणतो, डॉक्टर, तुम्ही पाळलंय ना?"

"आणि मग?"

"मग काय, दोघांनीही पाळलेलं नाही." त्याने हात पुसले. "दात ठीक आहे तुमचा. कशाला आला होतात?"

या काळात स्वेटरची गोष्ट बायकोच्या ध्यानात आली.

बाबांची बोटं थरथरतात. बटणं त्यांना लावता येत नाहीत, आणि दुसऱ्याने लावलेली चालत नाहीत. त्यामुळे ते नेहमी एक बटण वरखाली झालेला स्वेटर घालून बाहेर पडतात. तपकिरी स्वेटर, त्यावर तपकिरी बटणं आणि हिरवा दोरा. आईच्या सुईत कायम हिरवा दोरा असायचा, मग कापड कुठल्याही रंगाचं असो. सुई ओवताना ती दोरा जिभेवर फिरवायची आणि टाका झाला की दाताने तोडायची. "घरात कात्री आहे," बाबा म्हणायचे. "दात जवळ आहेत," ती म्हणायची.

"जाताना बटणं चुकलेली असतात," बायको म्हणाली. "येताना बघ."

त्या संध्याकाळी बघितलं. सगळी बटणं आपापल्या काजात होती. सगळ्यांत खालचं मोकळं सोडलेलं होतं. बसताना पोटावर ताणतं म्हणून आई ते नेहमी मोकळं सोडायची.

बाबा शेजारून गेले तेव्हा सांधेदुखीच्या मलमाचा वास आला. ते मलम आम्ही तीन वर्षांत घरात आणलेलं नाही.

"बागेत कुणीतरी लावून देत असेल," मी म्हणालो. "एखादी भली बाई."

"असेल," बायको म्हणाली. तिने 'कोण' असं विचारलं नाही, याचं मला जरा वाईट वाटलं.

पुढच्या दिवशी मी बाबांबरोबरच गेलो. परतताना दवाखान्याच्या मागच्या बाजूला आलो तेव्हा खजिनदार थांबला. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुढे चालू लागला.

"बाबा, तुमची गल्ली कुठली?"

"तू बरोबर असलास की लागत नाही," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादी गाडी रविवारी धावत नाही, हे प्रवाशाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मी दुसरंही यंत्र बदलून तिसरं आणलं, वाजणारं. वाजायला लागलं की ते दोनच प्रकारे बंद व्हायचं. एक तर फोनवरून, नाहीतर पट्ट्यावरच्या दोन बारीक कळा दोन्ही बाजूंनी एकदम चिमटीत दाबून. त्या कळा मला स्वतःला तिसऱ्या प्रयत्नात जमल्या. बाबांच्या बोटांना त्या जमणं शक्यच नव्हतं.

मग ती संध्याकाळ आली. थंडी होती आणि उजेड लवकर गेला. बाबांची यायची वेळ टळली, आणखी टळली. बायको चहा टाकून पुन्हा पुन्हा दाराशी जात होती.

"ठिपका कुठे आहे?"

"भिंतीत."

"हलतोय?"

"नाही."

मी काळा कोट चढवला.

"ते बटण लोंबतंय, रस्त्यात पडेल," ती म्हणाली. माणूस किती घाबरला आहे, ते तो कुठल्या क्षुल्लक गोष्टीचं बोलतो त्यावरून कळतं.

"पडू दे."

दवाखाना बंद होता. चौकटवाल्यानेही शटर ओढून घेतलं होतं. दोन शटरं आणि मधे तो वीतभर रुंदीचा भिंतीचा पट्टा. रस्त्यावर कुणी नव्हतं. फोनवर बाबांचा, म्हणजे खजिनदारचा, लाल ठिपका माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता.

"बाबा," मी म्हणालो. भिंतीशी बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

मग मी बटण दाबलं.

पट्टा भिंतीच्या आत वाजला.

लांबून नाही, पलीकडूनही नाही. माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, कुत्र्याची मान जिथे असते तिथे. मी भिंतीला कान लावला. गिलावा थंड असायला हवा होता. तो थंड नव्हता. मलमाचा वास येत होता.

पट्टा वाजत राहिला.

मग थांबला.

फोनवर अक्षरं उमटली : 'आवाज पट्ट्यावरून बंद करण्यात आला.'

मी फोन खिशात टाकला आणि एक हात भिंतीवर ठेवून उभा राहिलो. आत फरशीवर नखं वाजली. कुणीतरी हळू आवाजात बोललं, आणि बाबा हसले. मी त्यांना तीन वर्षांत तसं हसताना ऐकलं नव्हतं.

माझ्या दुसऱ्या तळहाताला काहीतरी गार, ओलं लागलं.

खजिनदारचं नाक होतं. तो माझ्या मागे उभा होता, आणि त्याच्या मागे बाबा. स्वेटरची बटणं सरळ, खालचं मोकळं.

"चल आता," बाबा म्हणाले. "किती वेळ काढशील?"

"मी आत्ताच आलोय."

"हो का," बाबा म्हणाले.

आम्ही चालू लागलो. दाराशी पोचता पोचता ते म्हणाले, "आणि ते पिपाणीसारखं वाजवत जाऊ नकोस. ती दचकते."

"कोण?"

समोर उभ्या असलेल्या गाडीबद्दल 'ही कधी येणार' असं विचारणाऱ्या प्रवाशाकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

बायकोने दार उघडलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "फोन का उचलत नव्हतास? तासभर करतेय. दोनदा चौकात जाऊन आले. दवाखान्यापुढून गेले. तू कुठे होतास?"

"दवाखान्यापुढेच उभा होतो. पाचएक मिनिटं."

"तिथे कुणी नव्हतं," ती म्हणाली.

बाबा आपल्या खोलीत गेले. खजिनदार त्यांच्या पायाशी पसरल्याचा धप्प आवाज आला. हरवलं कुणीच नव्हतं. बायकोने चहाकडे बघितलं. त्यावर साय धरली होती.

मी फोन काढला. त्या दिवसाचा नकाशा उघडला. लाल रेषा बागेतून निघाली होती, भिंतीत शिरली होती, मध्यावर थांबली होती. तिसऱ्या यंत्रात मालकाचीही रेषा दिसते, ती निळी. निळी रेषा घरातून निघाली होती आणि दोन शटरांपाशी आली होती. तिथे ती थांबली नव्हती. ती वळून आत गेली होती आणि लाल रेषेच्या शेजारी जाऊन बसली होती. बराच वेळ.

सिग्नल उसळी घेतो, असं मी मनाशी म्हणालो, आणि कोट काढायला हात घातला.

बटण लोंबत नव्हतं. घट्ट होतं. काळ्या कोटावर हिरवा दोरा चार टाके घालून आवळलेला होता. त्याचं टोक दातांनी तोडलेलं होतं, आणि अजून ओलं होतं.