जरा मोठ्यानं सांग

सभागृहाला कुलूप होतं.

उशीर होईल या भीतीने ती पाऊण तास आधी येऊन पोचली होती. तारीख चुकली की काय? का पत्ताच? तिने पर्समधून निमंत्रणाचा कागद काढला. सकाळपासून चौथ्यांदा.

"आजच आहे," पायऱ्यांवर बसलेला एकजण म्हणाला. "आणि इथेच आहे. मीसुद्धा दोनदा वाचलंय."

त्याच्या मांडीवर पत्र्याचा एक डबा होता, हातात काडीएवढा स्क्रूड्रायव्हर, आणि भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवलेला.

"माईक लावणारे तुम्हीच का?" तिने विचारलं.

"नाही. पण बिघडला तर बघेन." तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जरा जास्त मिटत होता. हे आपल्या लक्षात का आलं, याचीही तिला लगेच काळजी वाटली.

घरात तिला धास्ती म्हणत. नाव आत्याने ठेवलेलं. सहा वर्षांची असताना सहलीला निघताना तिने विचारलं होतं, "आपण परत येईपर्यंत घर कुठे गेलं तर?" तेव्हापासून खरं नाव फक्त दाखल्यावर उरलं.

आत्याच्या संस्थेत ती एकुलती एक पगारी माणूस. आत्याच्या यजमानांनी मागे ठेवलेली रक्कम बँकेत होती, आणि तिच्या व्याजातून वीस वर्षं गरजू म्हाताऱ्यांना कानाची मशीनं फुकट वाटली जात होती. मग आत्याने कुठेतरी वाचलं, की काही संस्था नुसतं दान देऊन थांबत नाहीत. ठेवीतला एक छोटा हिस्सा त्या चांगलं काम करणाऱ्या धंद्यात घालतात. काम होतं, पैसे थोडे वाढून परत येतात, आणि पुन्हा दुसऱ्या कामाला लागतात. "इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग म्हणतात त्याला. दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. तू जा, शिकून ये," आत्या म्हणाली.

"आणि पैसे बुडाले तर?"

"म्हणून तर तुला पाठवतेय."

प्रशिक्षण देणाऱ्या बाई खमक्या होत्या. "दान देणाऱ्याला प्रश्न विचारायची सवय नसते," त्यांनी सुरुवातीलाच सुनावलं. "दिलं, फोटो काढला, विसरले! गुंतवणूक करायची तर आधी विचारायला शिका." अर्ध्या सभागृहात संस्थांची माणसं होती, अर्ध्यात छोटे धंदेवाले. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. एकाने पैसे मागायचे, दुसऱ्याने प्रश्न विचारायचे. धास्तीच्या समोर पत्र्याचा डबा येऊन बसला.

"मी कानाची मशीनं दुरुस्त करतो," तो म्हणाला. "नवी विकत नाही. बंद पडलेली चालू करतो, कानात नीट बसावीत म्हणून साचे बनवतो. दुकानात सहा माणसं आहेत. अजून दोन दुकानं काढायचीत. विचारा."

"माफ करा, पण... चांगला कारागीर सोडून गेला तर?"

त्याने उत्तर दिलं.

"माफ करा... सुटे भाग मिळायचे बंद झाले तर?"

त्याचंही दिलं.

"माफ करा हं – तुम्ही पायऱ्यांवरून पडलात तर?"

"कुठल्या पायऱ्या?"

"कुठल्याही! उजवा हात मोडला तर? सगळं तुमच्या बोटांवर चाललंय ना?"

तो मान खाली घालून हसायला लागला. "गुंतवणूक करणारे दर वाक्याला माफी मागत नाहीत."

"आणि पैसे मागणारे दात काढत नाहीत."

"काय करू... आईनंतर माझ्या उजव्या हाताची एवढी काळजी कुणी केली नव्हती."

धास्तीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तेवढ्यात बाई मागून येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "हे ऐका! प्रश्न असे हवेत!" आजवर त्या स्वभावापायी तिने टोमणेच खाल्ले होते. आज त्याच स्वभावाला टाळ्या पडल्या. तिला कुठे बघावं कळेना, म्हणून तिने डब्याकडे बघितलं.

निघताना तिने विचारलं, "फुकट वाटलेली मशीनंपण दुरुस्त करता का?"

"ती माझ्यापर्यंत येतच नाहीत," तो म्हणाला. "कुठे असतात ते तुम्हालाच माहीत असणार."

तिला माहीत नव्हतं. त्या प्रश्नाने तिची झोप उडवली. तिसऱ्या दिवशी तिने वाटपाची यादी काढली, त्याला फोन केला, आणि पुढचे सहा शनिवार दोघं यादीतली घरं पालथी घालत फिरली. आत्याने त्याचं नाव परस्पर कानवाला ठेवून टाकलं.

मशीनं कपाटात होती, शिवणाच्या डब्यात होती, एक तर चहाच्या बरणीत निघालं. पण धास्तीला खरा धक्का दिला तो एका निवृत्त मास्तरांनी. मशीन कानात घालून ते दारातच उभे होते. ती बोलेल त्यावर हसून मान हलवत होते. कानवाल्याने हळूच मशीन काढून उघडलं. आत गंज चढला होता.

"हे तर दोन वर्षांपासून बंद असेल," तो म्हणाला.

"मग घातलंय कशाला?" धास्तीने मास्तरांच्या कानाशी ओरडून विचारलं.

मास्तर ओशाळले. "तुम्ही येणार असा निरोप होता ना. इतक्या प्रेमानं दिलेलं... काढून ठेवलेलं बरं दिसत नाही."

धास्तीच्या डोळ्यांपुढे ऑफिसातला फोटोंचा अल्बम आला. वीस वर्षांचे हसरे चेहरे, प्रत्येकाच्या कानात मशीन. त्यातली चालू किती होती? तिला रडू कोसळलं. कानवाल्याने खिडकीतल्या उजेडात डबा उघडला, मशीन साफ केलं, गंजलेली पट्टी बदलली, नवा सेल घातला आणि परत मास्तरांच्या कानात बसवलं. मास्तर दोन पावलं चालले आणि थबकले.

"माझ्या चपला एवढ्या वाजतात? कुणी बोललं कसं नाही?"

"बोलतच होते मी!" आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. "ऐकत होतं कोण!"

त्या दिवशी परतताना वाटेत पाऊस लागला. आडोसा लांब होता. कानवाल्याने डबा शर्टाखाली घेतला, तर वरून पत्रा उघडाच राहिला. धास्तीने हातातली फाईल त्याच्यावर धरली. अशी ती दोघं रस्त्याने चालली – मध्ये डबा कोरडा, आणि दोन बाजूंना दोन डोकी निथळत.

"तुम्ही भिजताय," तो म्हणाला.

"मी वाळेन. त्यातले भाग गंजले तर?"

"फाईल जरा इकडे सरकवा... नाही, तुम्हीच जरा इकडे सरका."

ती सरकली. मग घरापर्यंत फाईल दोघांनी मिळून धरली.

यादीतल्या साठ घरांपैकी फक्त सतरा घरांत मशीन चालू निघालं. तो आकडा बघून आत्याचा चेहरा उतरला. फुकट वाटणं थांबवायचं नाही, पण वाटलेलं चालू राहायचं तर दुरुस्तीची दुकानं हवीत, आणि दुकानं दानावर चालत नाहीत, हे तिला पटलं. कानवाल्याने रीतसर प्रस्ताव दिला. त्याला घाई होती. एका मोठ्या कंपनीने त्याच्यापुढे पैसे ठेवले होते, पण अट अशी की दुरुस्ती बंद करून त्यांची महागडी नवी मशीनं विकायची. महिनाअखेरीला त्याला उत्तर द्यायचं होतं. संस्थेने नाही म्हटलं तर सहा माणसांच्या पगारासाठी त्याला तिकडे हो म्हणावं लागणार होतं.

धास्तीने जिवाचं रान करून टिपण तयार केलं. काय काय बिघडू शकतं याचे त्रेचाळीस मुद्दे, प्रत्येकापुढे उपाय. आणि प्रशिक्षणातून आणलेला एक नियमही तिनेच आत्याच्या गळी उतरवला. बैठकीत आधी विचारायचं, की प्रस्तावाशी संबंधित कुणाशी कुणाचं नातं, मैत्री किंवा जिव्हाळा आहे का? असेल त्याने सांगून बाहेर जायचं, चर्चेत एक शब्द बोलायचा नाही. पैसे मागणाऱ्यानेही याच प्रश्नाचं उत्तर लिहून द्यायचं, बंद पाकिटात, थेट आत्याकडे.

"एवढं कशाला गं?" आत्याने विचारलं होतं.

"नाहीतर आपल्याच माणसांना वाटल्यासारखं होईल, आत्या."

स्वतःच खणलेल्या या खड्ड्याच्या काठावर बैठकीच्या दिवशी ती बसली होती.

टेबलाशी तीन विश्वस्त. आत्या, डॉक्टर आणि वकीलसाहेब. डॉक्टर खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले होते, "दुकानं काढणं हे आपलं काम नव्हे." वकीलसाहेबांच्या कपाळावर आठ्या होत्या. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर कानवाला होता. "दार लोटू नको, वारा येऊ दे," आत्या म्हणाली. आत्याच्या स्वतःच्याही कानात मशीन होतं, आणि कंटाळा आला की ती ते खुशाल बंद करून टाकते हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्याने कागद वाचला. "...नातं, मैत्री किंवा जिव्हाळा? कुणाचा?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. वकीलसाहेबांनीही हलवली.

झालंय काय असं? धास्तीने स्वतःला विचारलं. कुणी कुणाला काही बोललेलं नाही. डब्यावर फाईल धरणं म्हणजे काही नातं नव्हे. आणि त्याच्या मनात काहीच नसलं तर? आपण उगीच चारचौघांत तोंडघशी पडणार, वर ते त्रेचाळीस मुद्दे समजावायलाही आत कुणी राहणार नाही. गप्प बसलं की प्रस्ताव वाचतो. सहा माणसं वाचतात. मास्तरांच्या चपला वाजत राहतात.

पण शनिवार उजाडला की ती गाणं गुणगुणायची. त्याच्या उजव्या हाताची काळजी तिला पैशांसाठी वाटत नव्हती, केव्हाच वाटत नव्हती. आणि हे लपवून त्याच्यासाठी भांडली असती, तर उद्या त्याच्या डोळ्याला डोळा देता आला नसता.

"आत्या... माझा आहे," ती पुटपुटली.

"काय?" आत्याने कानामागे हात नेला.

"जिव्हाळा. म्हणजे... प्रस्ताव देणाऱ्यांशी."

"जरा मोठ्यानं सांग गं. हे मेलं मशीन –"

डॉक्टर पंख्याकडे बघायला लागले. धास्तीने डोळे घट्ट मिटले.

"माझं त्यांच्यावर प्रेम आहे!"

बाहेर व्हरांड्यात पत्र्याचा डबा खणखणून पडला.

"लिहून घ्या वकीलसाहेब," आत्या शांतपणे म्हणाली. "जा धास्ती, बाहेर बस. आणि आता दार लोट."

व्हरांडाभर बारीक स्क्रू पसरले होते आणि कानवाला गुडघ्यांवर बसून ते वेचत होता. वर न बघता ती शेजारी बसली आणि वेचू लागली.

"ऐकलंत?"

"हो."

"आता प्रस्ताव पडणार. माझ्यामुळे. आत समजावणारं कुणी नाही... डॉक्टर आधीच विरोधात... तुम्हाला त्या कंपनीला –"

"त्या दिवशी तुमचा एक प्रश्न राहिला," तो म्हणाला.

"कोणता?"

"की पैसे मागायला आलेला माणूस तुमच्या प्रेमात पडला तर?"

तिच्या चिमटीतला स्क्रू निसटला. "...तर?"

"तर त्याला ते बंद पाकिटात लिहून द्यावं लागतं. नियम फार कडक आहेत तुमचे." तो म्हणाला. "सोमवारीच दिलं आत्यांकडे. 'हो' लिहिलं, आणि पुढे, 'एकतर्फी असावं, खात्री नाही.'"

ती हसली आणि रडलीही. त्याने तिच्या तळहातावरचे स्क्रू आपल्या हातात घेतले, आणि हात मात्र सोडला नाही. आत कुणीतरी टेबलावर हात आपटला. प्रत्येक मिनिट मोठं होत गेलं. आपण खरं बोललो, पण त्याच्या सहा माणसांना ते महागात पडलं तर? हा विचार काही केल्या तिला सोडेना, आणि तिची बोटं आवळत गेली.

"हात मोडेल," तो हळूच म्हणाला. "उजवा आहे."

दार उघडलं. आधी वकीलसाहेब आले, हातात धास्तीचं टिपण.

"तीस वर्षं वकिली केली," ते तिला म्हणाले, "पण कुठल्या प्रस्तावाविरुद्ध एवढं मी नसतं लिहू शकलो. हे सगळं बिघडूनही धंदा तरतो म्हणता, तर डॉक्टरांना बोलायला जागाच उरली नाही. आत्यांनी मत दिलं नाही, भाचीचा मामला म्हणून. आम्ही दोघांनी दिलं. दोन नाही, एक दुकान. वर्षभर बघू. मशीनं वाटली किती ते नाही मोजायचं, चालू किती राहिली ते मोजायचं. आणि हिशेब मी बघणार, तुम्ही नाही."

"एक पुरे," कानवाला कसाबसा म्हणाला. "कंपनीला आजच नाही कळवतो."

वकीलसाहेबांच्या मागून आत्या आली. धास्तीने घाईघाईने हात सोडवून घेतला आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "आत्या, तुझं मशीन यांना दाखव ना. बिघडलंय."

"कशाला? सकाळपासून झकास चालू आहे." आत्याने कानामागचे केस सारखे केले. "तू पुटपुटलीस तेव्हाच ऐकलं मी सगळं. पण ते टेबलापर्यंतच पोचलं होतं, बाकापर्यंत नको का पोचायला?"

धास्तीचा चेहरा लालेलाल झाला. "आत्या! आणि ते ऐकून हे पळून गेले असते तर?"

"पाकीट वाचलं होतं मी," आत्या म्हणाली, आणि वाकून पायाशी पडलेला शेवटचा स्क्रू तिने कानवाल्याच्या हातावर ठेवला.