रोहू अंगी लावून घेईना

वैजनाथ आणि अनसूयाचं लग्न झालं, पंगती उठल्या, आहेरही झाले. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. वैजनाथला अजून काहीच माहीत नाही.

तर, दौलताबादजवळ वैजनाथचं मातीचं तळं होतं, तळ्यात रोहू मासे होते, आणि दर पंधरा दिवसांनी त्यांची लांबी-वजनं घ्यायला शहरातून अनसूया यायची. मत्स्यशास्त्र शिकणारी ही मुलगी पहिल्याच दिवशी काठावरून घसरली, गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि गंभीरपणे म्हणाली, "खोली बरोबर आहे."

वैजनाथ तिथंच कामातून गेला.

मासा किलोभर झाला की तिचा अभ्यास संपणार होता. म्हणजे येणंही. माशांना उपाशी ठेवायचं तर शेतकऱ्याचं मन होईना. तो रोज पेंड-कोंडा टाकायचा आणि हात जोडायचा, "खा बाबांनो... पण अंगी लावून घेऊ नका."

नवल म्हणजे माशांनी ऐकलं. चार महिने अनसूयाच्या वहीत रोहू सातशे ग्रॅमवरच!

"काळजी वाटते," ती वहीत बघत म्हणाली. "पुन्हा यावं लागेल..."

"या की. मासे लई वाट बघतेत."

"फक्त मासे?"

उत्तरादाखल वैजनाथनं जाळं फेकलं. ते बाभळीवर पडलं.

शेवटी त्याची आई, वच्छलाबाई, घरचा तराजू घेऊन आली. "उपाशी माशाचं डोकं मोठं, पोट खपाटीला. ह्याची तर पाठ बैलावानी हाय!" रोहू पारड्यात बसला. सव्वा किलो भरला.

"मॅडम," वैजनाथ हळूच म्हणाला, "तुमचा काटा बिघडला व्हय?"

"काटा बरोबर आहे." अनसूयाचे कान लाल झाले. "मीच... कमी लिहीत होते. किलो लिहिला असता, तर यायला कारण—"

"आन् मी इथं माशांला हात जोडीत होतो! वाढू नका म्हणून!"

ती इतकी हसली की पारड्यातून उचललेला रोहू हातातून निसटून पाण्यात गेला.

"यायला कारण कशाला लागतंय गं पोरी?" वच्छलाबाई म्हणाली. "कायमचीच ये."

अनसूयानं लाजत मान हलवली, आणि त्याच दुपारी खरी वजनं वहीत भरली. अभ्यास संपला. मुहूर्त मात्र तीन महिने लांब निघाला. तेव्हा दोघांनी काठावर बसून एकाच पेनानं अर्ज लिहिला:

"मा. मत्स्य आयुक्तसाहेब, उभय अर्जदारांची नम्र विनंती की, सदर तळ्यातील समस्त रोहूंना तीन महिने वाढ थांबवण्याचे लेखी आदेश व्हावेत. आणि हे आदेश माशांना रोज समक्ष वाचून दाखवण्याकामी कु. अनसूया यांचीच नेमणूक व्हावी."